डॉक्टर म्हणायचं नाही

४ मार्च

ताई,

आज सकाळी ऑक्सिजनचं मशीन परत दिलं. दुकानदाराने ते चालू करून पाहिलं, नळी उलगडून बघितली आणि "ठीक आहे" म्हणाला. येताना दूध आणलं. बाबांनी आईच्या खोलीतला पलंग पुन्हा भिंतीला लावला. मशीनच्या चाकांचे ओरखडे फरशीवर राहिलेत. पुसून जात नाहीत.

आई गेल्याचं मी तुला मेसेज करून कळवलं. तुझं उत्तर आलं, "कळलं. बाबांकडे बघ." नंतर मी फोन केले, ते तू घेतले नाहीस. तक्रार म्हणून लिहीत नाही. फोनवर आपल्या दोघींना बोलता येत नाही, एवढंच. म्हणून कागद. पत्ता बाबांनी दिला. तू पाण्याच्या खात्यात नमुने तपासतेस हेही त्यांनीच सांगितलं. त्यांना हे सगळं कुठून कळलं ते मी विचारलं नाही.

मला तुला एक विचारायचं आहे. पीएच.डी.साठी मला दोन ठिकाणी जागा मिळते आहे. दोन्हीकडे विषय तुझाच, केमिकल बायॉलॉजी. एक जागा इथे आहे, तुझ्या सरांच्या लॅबमध्ये. तिथे पहिल्या दिवसापासून गाइड ठरलेला, काम ठरलेलं, टेबलसुद्धा ठरलेलं. दुसरी दूरच्या शहरात. तिथे पहिलं वर्ष रोटेशन असतं. थोडे महिने रेणू बनवणाऱ्यांच्या लॅबमध्ये, थोडे पेशी वाढवणाऱ्यांकडे, आणि तिसरी लॅब आपल्याला हवी ती. वर्षाच्या शेवटी गाइड निवडायचा. महिनाअखेर दोघांना उत्तर द्यायचं आहे.

सरांना भेटायला गेले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"तू धाकटी ना?"

"हो."

"कपाळ तेच आहे. बस. जागा तुझीच आहे, पण माझी एक अट. होकार द्यायच्या आधी माझ्याकडून निघून गेलेल्यांशी बोल. डिग्री घेऊन गेले ते माझी स्तुतीच करणार, त्यांना माझं शिफारसपत्र लागतं. मध्येच सोडून गेलेल्यांना विचार."

"असे किती जण आहेत, सर?"

"एकच," ते म्हणाले. "तुमच्याच घरातलं."

म्हणून विचारते आहे. सरांकडे जाऊ का? चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी धाकटी


११ मार्च

ताई,

आज विशेष काही नाही. मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुलांचं प्रॅक्टिकल घेतलं. एकाने ब्युरेटचा नळ उघडाच ठेवला आणि खाली चंचुपात्र ठेवायला विसरला. घरी आले तर बाबा वाटाणे सोलत होते. ते आता स्वयंपाक शिकतायत. काल सूप केलं. मीठ घालायचं राहिलं होतं. मी काही बोलले नाही, तर म्हणाले, "तुझी आई असती तर एव्हाना म्हणाली असती, 'पाणी छान उकळलंय हो.'" आम्ही दोघं हसलो. मग मीठ घातलं.

तुझं उत्तर आलं नाही. पोचायलाच वेळ लागत असेल.

दूरच्या शहरातल्या मुलाखतीचं सांगते. आई तेव्हा होती. मी सकाळी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. समोर तिघं बसले होते. त्यांतल्या पेशींवाल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतःला केमिस्ट समजता की बायॉलॉजिस्ट?" मी म्हणाले, "अजून ठरलं नाही." शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ठरवून आलेल्यांचीच आम्हाला भीती वाटते." मला वाटलं, हे बरं आहे.

घरी येऊन आईला रोटेशन समजावलं. ती उशीला टेकून ऐकत होती. नाकाला नळी होती, पण बोलणं होतं तसंच.

"म्हणजे तीन घरी उष्टं खायचं आणि मग लग्न चौथ्या घरी?"

"चौथ्या घरी नाही गं. त्या तीन घरांतल्याच एका घरी."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीचं बरं होतं. एक काम, एक सर."

मग ती थांबली. तुझा विषय निघाला की ती अशी थांबायची. पूर्वी नव्हती थांबत.

तुझं काम तिला नीट कळलं होतं, ताई. तू गेल्यावर तिने ते माझ्याकडून पुन्हा समजून घेतलं. मी तिला सांगितलं की तू एक छोटा रेणू बनवलास, त्याला एक शेपूट ठेवलंस. तो रेणू जिवंत पेशीत जातो आणि एकाच प्रथिनाला धरून बसतो. मग वरून रंग सोडायचा. तो रंग फक्त त्या शेपटाला चिकटतो, पेशीतल्या बाकी हजार गोष्टींना बोटही लावत नाही. प्रथिन कुठे आहे ते हिरवं चमकून दिसतं, आणि पेशीला पत्ताही लागत नाही.

आई म्हणाली, "घरात यायचं, आपलं एक काम करायचं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. अशी सून मिळणार असती तर मला दोन मुलगे हवे होते."

हे मी मुलाखतीत सांगितलं असतं तर जागा नक्की मिळाली असती. न सांगताच मिळाली.

तुझी धाकटी


१६ मार्च

ताई,

आज सरांच्या लॅबमध्ये दिवसभर होते. ते म्हणाले, "आधी बसून बघ, इथली हवा मानवते का." धूर ओढून घेणाऱ्या हूडची काच अजून वर गेली की अडकते. तू तिच्या फटीत लावलेला लाकडी तुकडा तिथेच आहे. सगळे त्याला 'पाचर' म्हणतात. तो कुणी लावला हे आता कुणाला माहीत नाही.

फ्रीजमध्ये तुझी बाटली आहे. मागच्या कप्प्यात, फॉइल गुंडाळलेली. लेबलवर तुझं अक्षर. मी ती हातात घेतली आणि परत ठेवली.

सरांना विचारलं, काय झालं होतं? घरी आम्हाला एवढंच माहीत होतं की तू एक दिवस बॅग घेऊन आलीस आणि म्हणालीस, "सोडलं." आई म्हणाली, "चार दिवस झोप काढ, मग बोलू." तू चार दिवस झोप काढलीस आणि गेलीस.

सरांनी सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी तू कंट्रोल डिश ठेवली होतीस, म्हणजे पेशी आहेत, रंग आहे, पण तुझा रेणू नाही अशी. ती काळी दिसली. तसंच व्हायला हवं होतं. मग दर वेळी तीच काळी डिश कशाला पाहायची, म्हणून तू ती ठेवणं सोडलंस. सरांनीही विचारलं नाही. पुढे डिश मायक्रोस्कोपखाली जास्त जास्त वेळ राहू लागल्या, पेशी थंड पडून मरू लागल्या. मेलेली पेशी दार बंद ठेवू शकत नाही, तिच्यात काहीही शिरतं आणि चिकटतं. तुझ्या फोटोंतलं सुंदर हिरवं ते होतं. मग एक दिवस, कुणी न सांगता, तू पुन्हा कंट्रोल ठेवलीस. तीही तशीच चमकली.

"ती माझ्याकडे आली तेव्हा लेख पाठवायला तयार होता," सर म्हणाले. "तिने फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, 'सर, यात माझं काहीच नाही.' मी म्हणालो, 'दुसरा विषय देतो, दोन वर्षांत होईल.' चुकलं माझं. त्या दिवशी मी नुसतं, 'बरं झालं तू पाहिलंस,' एवढंच म्हणायला हवं होतं."

खिडकीतून बाहेर बघत ते आणखी म्हणाले, "इथे आम्ही सगळे एकाच बाजूने बघत होतो. शेजारच्या खोलीतला कुणी येऊन एक बावळट प्रश्न विचारला असता, तर तेव्हाच सापडलं असतं."

आता एक गोष्ट, जी मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. शेवटच्या आठवड्यात आई मला म्हणाली, "मोठीचं अर्धं राहिलंय. तू तिथेच जा आणि ते पूर्ण कर." मी मान हलवली. तिला पुरे होईल इतकीच हलवली होती. ती हो होती की नुसतीच होती, ते मला अजून ठरवता येत नाही. सरांकडची जागा मला त्यामुळेच हवी आहे का, हेही कळत नाही. तुझा रेणू नव्याने, नीट, कंट्रोलसकट करून बघायचा, एवढं काम दोन वर्षांत होईल. वर तुझ्याही नावाचा उल्लेख येईल.

तू सांग. तुला तसं हवं आहे का?

तुझी धाकटी


२० मार्च

ताई,

आज रविवार. कपडे धुतले. दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन बसल्या. त्यांचा गुडघा अजून तसाच आहे. "डॉक्टर काय म्हणते?" असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "कोणती?" काकू म्हणाल्या, "अहो, तुमची मोठी." बाबा उठून आत गेले. मग काकूंना मीच चहा दिला.

तुला आठवत असेल. तू लॅब सोडून आलीस त्या दिवसांत याच काकू एक्स-रे घेऊन आल्या होत्या आणि आई म्हणाली होती, "डॉक्टर, जरा यांचा गुडघा बघ गं." तू जेवणावरून उठलीस. मला तेव्हा आईचा राग आला होता.

काकू गेल्यावर बाबांशी बोलले. ते बटाटे सोलत होते. सोलताना ते जरा जास्त बोलतात, असं माझ्या लक्षात आलं आहे.

"तुझ्या आईला मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तिला डॉक्टर म्हणायचं नाही, लागतं तिला."

"मग?"

"मग काय. तुझी आई म्हणाली, 'अहो, ती सहा वर्षांची असल्यापासून म्हणते मी. बाहुलीला साखरेच्या गोळ्या द्यायची आणि वर फी मागायची. डिग्रीचा काय संबंध?' मी म्हणालो, 'तुला संबंध नाही, तिला आहे.' तिला पटलं. पुढच्या फोनच्या वेळी तिने मोठीला नावाने हाक मारली. शाळेच्या दाखल्यावरच्या नावाने. आणि मोठीने दोन मिनिटांत फोन ठेवला. नंतर केलाच नाही."

मीही एक बटाटा सोलायला घेतला. बाबाच पुढे म्हणाले, "तुझी आई फोन हातात धरून बसली होती. मला म्हणाली, 'तुमचं ऐकलं आणि पोरगी गेली. आता काय म्हणू?'"

ताई, आपल्या घरात पूर्ण नाव कधी वापरतात ते आपल्याला माहीत आहे. काच फुटली की. खोटं पकडलं की. तू काय ऐकलंस ते माझ्या लक्षात आलं. पण ती रागावली नव्हती. ती सांभाळून बोलत होती. आईला सांभाळून बोलायची सवय नव्हती, म्हणून ते तसं वाटलं असणार.

हॉस्पिटलात नोंद करताना नर्सने विचारलं, घरात कोण कोण? आईने सांगितलं, "नवरा, धाकटी आणि डॉक्टर." मग तिथले डॉक्टर रोज आम्हाला म्हणायचे, "तुमच्या डॉक्टर मॅडम आल्या की त्यांच्याशी सविस्तर बोलतो." आम्हाला तोवर कुणी काही सविस्तर सांगेना. शेवटी बाबांनी खुलासा केला, "ती डॉक्टर म्हणजे घरातली." आई बिछान्यावरून म्हणाली, "घरातली म्हणजे खोटी नाही हो."

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. जागेबद्दल आज काही विचारत नाही.

तुझी धाकटी


२८ मार्च

ताई,

तुझं पत्र आज आलं. पोस्टमनने ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी अक्षर ओळखलं, पण उघडलं नाही. माझ्या टेबलावर ठेवून ते फिरायला गेले आणि नेहमीपेक्षा खूप उशिरा आले.

मी ते परत परत वाचलं. तू लिहितेस तसं कुणी बोललं असतं तर मला वाटलं असतं की ओरडतंय. पण कागदावर ते तसं नाही वाटत.

तू लिहिलंस, "सर चांगले आहेत. त्यांच्याकडे जायला हरकत नाही. फक्त माझ्यासाठी जाऊ नकोस. माझं अर्धं राहिलंय असं कोण म्हणतं? ते पूर्ण झालं. ज्या दिवशी चूक सापडली त्या दिवशी संपलं. पुढे जे राहिलं ती डिग्री. काम नाही."

हे मी आईला सांगू शकले असते तर बरं झालं असतं. तिला ते पटलं असतं. थोडं भांडून, पण पटलं असतं.

आणखी तू लिहिलंस, "इथे मी रोज पाण्याच्या नमुन्यांबरोबर एक बाटली शुद्ध पाण्याची ठेवते. एकही दिवस चुकवत नाही. वरिष्ठ हसतात, 'बाई, तिच्यात काय सापडणार आहे?' मी म्हणते, काही सापडू नये म्हणूनच ठेवते." तुझं हे वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हट्टी आहे. आईवर गेली."

मी काय निवडावं याबद्दल तू सल्ला दिला नाहीस. उलट प्रश्न विचारलास. "कुठल्या ठिकाणी तू चुकलीस तर तुला लवकर कळेल?" मी दोन दिवस विचार करीन असं ठरवलं होतं, पण भांडी घासताघासताच उत्तर आलं. सरांकडे माझी चूक कुणी दाखवणार नाही. ते माझ्याशी फार जपून वागतील. मी तुझी बहीण आहे, आई गेलेली आहे, आणि त्यांना तुझ्या बाबतीत वाईट वाटतं. इतक्या जपणुकीत चूक दिसत नाही. रोटेशनमध्ये मला कुणी ओळखत नाही. रेणूवाले मला पेशींचं विचारतील, पेशीवाले रेणूंचं, आणि दोन्हीकडे मी बावळट ठरेन. भाराभर चिंध्या तर भाराभर चिंध्या.

बाबांचं काय, हा प्रश्न मी त्यांनाच विचारला. म्हणाले, "मला सूप येतं आता. मीठसुद्धा आठवतं. तू इथे राहून माझ्याकडे बघत बसलीस तर मला रोज आजारी असल्यासारखं वाटेल."

नंतर म्हणाले, "मोठीला सुट्टी कधी असते, विचार." विचारते आहे.

पत्राच्या खाली तू सही केली नाहीस. नुसतं 'डॉक्टर' लिहिलंस. बाबांना मी ते वाचून दाखवलं नाही, कागदच हातात दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग घडी घालून खिशात ठेवलं. पत्र माझ्या नावाचं आहे, पण मागायचं कसं? म्हणून त्यातलं मला आठवतं तेवढंच वर लिहिलं आहे. शब्द इकडेतिकडे झाले असतील.

तुझी धाकटी


१ एप्रिल

डॉक्टर,

काल दूरच्या शहराला होकार पाठवला. आज सरांना सांगायला गेले. तारीख पाहून ते म्हणाले, "थट्टा नाही ना?" मी म्हणाले, "नाही, सर." "मोठी बोलली?" "बोलली." त्यांनी मान हलवली. मला निरोप देताना म्हणाले, "तिथे पहिल्या दिवशी कंट्रोल ठेवशील." मी म्हणाले, "दुसऱ्या दिवशीही." ते हसले.

तुझ्या बाटलीचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. तू पत्रात लिहिलं होतंस, "आतलं टाकून दे. बाटली टाकू नकोस, काच चांगली आहे." हे वाचताना मला आईचाच आवाज ऐकू आला होता. लोणी संपलेल्या, जॅम संपलेल्या, कसल्याही रिकाम्या बरण्यांना ती हेच म्हणायची. मी सरांना सांगितलं, "मी धुते."

जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे खाली गेले. फॉइल काढलं. आतला पदार्थ तपकिरी झाला होता, तळाला चिकटून बसला होता. थोडा अॅसिटोन घालून हलवला. सुटला. टाकाऊ द्रवाच्या डब्यात ओतला. पुन्हा अॅसिटोन, मग साबण, मग साधं पाणी. लेबल गरम पाण्यात भिजवलं तेव्हा तुझं अक्षर आधी फिकट झालं, मग कागद सुटून आला. त्याखालचा गोंद निघेना. तो मी नखाने घासून काढला. शेवटी शुद्ध पाणी फिरवलं, काच उजेडात धरून पाहिली आणि बाटली खुंटीवर उलटी घातली. हात पुसले.